एक्केचाळिसावी वाट

दुपारी डबा खाऊन झाला की देवीदास भिंतीवरच्या लांबलचक कागदापुढे उभा राहायचा आणि हरवून जायचा. साल चौऱ्याऐंशी. भिलाईतल्या एका खासगी कंपनीत तो संगणकाचे प्रोग्राम लिहायचा. कंपनीच्या क्वार्टरात कोण राहणार आणि किती दिवस, हे ठरवणारा प्रोग्राम त्याने नुकताच लिहिला होता. त्यातल्या साऱ्या वाटा त्या कागदावर होत्या. चाचणीचं भोकं पाडलेलं कार्ड मशीनमध्ये घातलं, की प्रोग्राम ज्या वाटेने जाई ती वाट तो लाल पेन्सिलीने रंगवी. रंगवताना आपणच तिथून चाललोय असं त्याला वाटे. एका वळणावर कुणाची बदली, पुढे बढती, आणखी पुढे निवृत्ती, आणि मग तर देवीदास हाक मारूनही परत यायचा नाही.

एक्केचाळीस वाटांपैकी चाळीस लाल झाल्या. उरली ‘नोकरीत असताना मृत्यू’ ही. मशीन फक्त हजेरीपटावरचीच नावं घ्यायचं, म्हणून विभागातले सगळे चाचणीला आपापली नावं हौसेने देत. कुणी साहेब झाला, कुणी दोनदा निवृत्त झाला. या वाटेवर नाव द्यायला मात्र एकही माईचा लाल पुढे येईना.

“सोड रे,” साहेब आनंदराव म्हणाले. “जित्या माणसाले कावून मारून राहिला? सोमवारी चालू करून टाकू. चाळीस का कमी हायेत?”

कमीच होत्या. देवीदास नऊ वर्षांचा असताना वडील गेले. तेरावं व्हायच्या आत क्वार्टरला दुसऱ्याचं कुलूप लागलं आणि आई रस्त्यावर ट्रंकेवर बसून राहिली. ती ट्रंक त्याला अजून दिसे.

शनिवारी त्याने कार्डावर स्वतःचं नाव पंच केलं. प्रिंटर खडखडला आणि पत्र बाहेर आलं. त्याच्या बायकोने, वसुंधराबाईंनी, सात दिवसांत क्वार्टर सोडावं.

विधवेला नियमाने एक वर्ष होतं. सात दिवस राजीनामा देणाऱ्याला. दोन वाटा एकमेकींत मिसळल्या होत्या, आणि मिसळणारा हात त्याचाच होता. त्याने चूक दुरुस्त केली, पुन्हा एकदा मेला, आणि वर्षभराचं पत्र हातात आल्यावरच ती वाट रंगवली.

संध्याकाळी वसुंधरा ताट वाढत होती.

“वसू, या घरातून तुले आता कोनी काढनार नाही.”

“मले कोन काढते?” ती हसली. “तुमी आहात ना!”