भोचक गाव पाहिजे

माझी मावशी नोकरीभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, दोन्ही हातांत वायरी. याची वायर त्याच्या भोकात खुपसायची, "बोला" म्हणायचं आणि आपण बाजूला व्हायचं, असा नियम. मावशी कसली बाजूला होतेय. कुणाची सून माहेरून परत यायचं नाव घेत नाही, कुठला डॉक्टर घरी न सांगता कुठे जातो, सगळं हिला तोंडपाठ. एकदा तर भांडणाऱ्या नवरा-बायकोच्या मध्ये तोंड घालून "अहो, ती खरं बोलतेय, कालचा फोन मी ऐकलाय" असं सांगून ही मोकळी झाली. त्याबद्दल हिला मेमो मिळाला. त्या दोघांचं मात्र जमलं म्हणे.

पुढे यंत्रं आली, बोर्ड गेला. मावशी रिटायर होऊन शहरातल्या एका उंच इमारतीत राहायला गेली. एकटीच. लग्न केलंच नव्हतं. "एवढे संसार कानाने ऐकल्यावर स्वतःचा थाटायची हिंमत कुणाला होणार?" असं म्हणायची. त्या इमारतीत सगळे कमालीचे सभ्य. लिफ्टमध्ये भेटले की गोड हसायचे आणि आकड्यांकडे बघत उभे राहायचे.

मग ती बाथरूममध्ये घसरून पडली. उठता येईना, म्हणून बादली फरशीवर आपटत राहिली. शेजारच्या बाईंना ते ऐकू गेलं होतं. त्यांना वाटलं प्लंबर आलाय, आपण कशाला मध्ये पडा. दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा कुठे ती सापडली. हाड शाबूत होतं, पण मावशी घाबरली होती, आणि घाबरलेली मावशी मी जन्मात पाहिली नव्हती.

"माझ्याकडे चल," मी म्हटलं.

"तुझ्याकडे मी पाहुणी. पाहुण्याला धड भांडतासुद्धा येत नाही. त्यापेक्षा मला एखादं जुन्या वळणाचं छोटं गाव बघून दे. लोक दुसऱ्याच्या घरात नाक खुपसतात असं. परत कधी पडले तर कुणाला तरी कळलं पाहिजे गं."

झालं. दर सुट्टीला गाडी काढायची आणि गावं बघत हिंडायचं. पहिलं गाव इतकं सुंदर की मी भाळलेच. दगडी फरसबंदीचे रस्ते, लाकडी सज्जे, खिडक्याखिडक्यांत फुलं, चौकात कारंजं. मावशीची परीक्षा मात्र ठरलेली. चौकातल्या बाकावर भलंमोठं बोचकं मांडीवर घेऊन बसायचं, तोंड पाडायचं, आणि कोण विचारपूस करतंय ते बघायचं. मी पलीकडे गाडीत दबा धरून. लोक आले, हसले, गेले. एकाने तर तिचा फोटो काढला.

"छान आहे ना?" मी विचारलं.

"नापास," मावशी म्हणाली. "सगळे शहरातून शांतता शोधत आलेत. त्यांना त्यांची शांतता लखलाभ."

दुसऱ्या गावात नदी होती, लाकडी पूल होता, घरं दाखवणारा एजंट जिभेला साखर लावून बोलत होता. "इथे तुम्हाला कुणी म्हणजे कुणी त्रास देणार नाही," तो म्हणाला. मावशी तिथूनच मागे फिरली. तो बिचारा आपलं काय चुकलं ते विचारत गाडीपर्यंत आला.

तिसरं गाव आम्ही बघायला गेलोच नव्हतो. टायर बसला म्हणून थांबलो. उतरत्या कौलांची जुनी घरं, रंग उडालेली झडपं, एक बेकरी, शेजारी पंक्चरवाला. त्याने टायरला हात लावायच्या आधीच विचारलं, "दोघीच? या कोण तुमच्या? मावशी? मग यांचे यजमान?"

"नाहीत," मी तोडून टाकलं.

"नाहीत म्हणजे वारले की केलंच नाही?" हा प्रश्न वरून आला. बेकरीवाली बाई माडीच्या खिडकीतून निम्मी बाहेर लोंबत होती. माझं डोकं सणकलं. मावशीकडे पाहिलं, तर तिचा चेहरा असा खुलला होता की काय सांगू. टायर झाला तरी ही बाई गाडीत बसायला तयार नाही. समोरचंच घर रिकामं होतं, हेही तोवर तिने काढून घेतलं होतं.

राहायला गेली ती रमलीच. मी दर रविवारी फोन करायचे. एका रविवारी तिने उचललाच नाही. परत लावला, परत लावला. गाडी कशी हाकली माझं मला ठाऊक.

दाराला कुलूप. मी हाका मारायला लागले तसा पंक्चरवाला हातात पाना घेऊन आडवा आला.

"भाची ना तुम्ही?"

"हो. मावशी कुठाय?"

"का हवीय?"

का हवीय म्हणजे? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोवर बेकरीवाली खाली आली होती. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "हीच ती. म्हातारीला कोंडून घालणारी," ती म्हणाली. दोघेही ताकास तूर लागू देईनात. शेवटी मी रस्त्यात रडायला लागले, तेव्हा ती जरा विरघळली आणि मला आपल्या माडीवर घेऊन गेली.

मावशी तिथे उशांना टेकून बसली होती. सकाळी चक्कर येऊन पडली होती. झडपं उघडली नाहीत हे बेकरीवालीच्या लगेच लक्षात आलं. पंक्चरवाला शिडी लावून आत शिरला, डॉक्टर आला, औषध झालं. फोन तिकडे घरातच राहिला होता. माझा जीव भांड्यात पडला आणि मग मी तिच्यावर तुटून पडले.

"मी तुला कोंडणार होते?"

"हळू बोल, ऐकतील," मावशी म्हणाली. "अगं, नुसत्या म्हातारीकडे कोण लक्ष देतं? कुणी वाईट भाची मागे लागलीय म्हटलं की लोक डोळ्यांत तेल घालून बसतात. जवळचं असं दुसरं कोण होतं गं माझ्याकडे, ज्याचं नाव खराब करावं?"

मी तिचा हात धरून बसले. बेकरीवाली चहा घेऊन आली आणि माझा पगार विचारू लागली.

परत आले तेव्हा रडून रडून माझे डोळे सुजले होते. माझ्या इमारतीच्या लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ होते. कितीतरी वर्षांचे शेजारी. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, गोड हसले आणि आकड्यांकडे बघायला लागले. मला एकदम भीती वाटली. म्हणून मीच विचारलं, "कुठे गेला होतात? घरी सगळे बरे आहेत ना?"

ते पुढच्याच मजल्यावर उतरले आणि जिन्याने वर गेले.