मोटारीत दोन पोती भात

माझ्या मोठ्या दिरांना मी आजही ‘ते’ म्हणते. अहोजाहो करायची सवय जिभेला लागली ती लागलीच. मनातल्या मनात मात्र मी त्यांना केव्हाच अरेतुरेवर आणलं होतं, आणि ते जाऊन इतकी वर्षं झाली तरी त्यात बदल करावा असं मला वाटलेलं नाही.

कर्जतला आमच्या सासरची भाताची गिरण होती. लढाई संपली, गोऱ्या साहेबांची परत जायची गडबड उडाली, तेव्हा दिरांनी एका लष्करी साहेबाची मोटार घेतली. दोन माणसांची, बिनटपाची, लांब नाकाची, शर्यतीत पळवतात तसली मोटार. इतकी बुटकी की रस्त्यावरचं कुत्रं आत बसलेल्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यायचं. तिच्या चाकांवरच्या पोलादी कमानी, म्हणजे स्प्रिंगा, भलत्या कडक होत्या. साहेबाच्या देशात रस्ते गुळगुळीत असतील. आमच्या कर्जत-खोपोलीच्या रस्त्यावर ती मोटार सुपातल्या भातासारखा माणूस उडवायची. दिरांना त्याचीच फुशारकी. मऊ गाडी बायकांची, कडक गाडी पुरुषाची, असं ते ओटीवर बसून सांगायचे. पेट्रोल रेशनवर मिळायचं, ते गिरणीच्या नावाखाली आणून या घोड्याला पाजायचे.

माझं माहेर खोपोलीच्या अलीकडे, रस्त्याला लागूनच. लग्नाच्या पहिल्या वर्षी मळणीच्या दिवसांत मी माहेरी होते. माझ्या वडिलांना आम्ही आबा म्हणायचो. आबा खळ्यावर भाऱ्यांची उडवी रचत होते आणि पाय सटकून वरून खाली आले. गुडघ्याखाली हाड मोडलं. गावातल्या जाणत्यांनी बांबूच्या कामट्या लावून पाय घट्ट बांधला. आईने बैलगाडीत गुडघाभर पेंढा अंथरला. बैल जुंपतच होते, तेवढ्यात खोपोलीहून परतणारे दीर मोटार दाखवायला म्हणून गावात शिरले.

“बैलगाडीत काय नेता? डॉक्टर जेवून झोपेल तोवर. घाला मोटारीत.”

सगळा गाव मोटारीकडे डोळे फाडून बघत होता. नको म्हणणार कोण? आबांना उचलून त्या बुटक्या खोबणीत कोंबलं. पाय सरळ ठेवायला जागा नव्हती, तो तिरका दुमडला. मोटार खळ्याच्या बांधावरून उतरली आणि पहिल्याच आदळ्याला आबांचा चेहरा पांढरा पडला.

“हळू घ्या, शेट. कामट्या निसटत्यात.”

दीर मोठ्याने हसले. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “हळू जायचं असतं तर बैलच घेतले असते की, म्हातारबा!”

आणि लोक हसले. ज्यांनी कामट्या बांधल्या तेही हसले.

खोपोलीला पोहोचेपर्यंत हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. आबा जगले, पण पाय आखूड झाला तो झालाच. चिखलात उभं राहून लावणी करणारा माणूस बांधावर काठी टेकून बसू लागला. इकडे कर्जतला दीर गिरणीवर आलेल्यांना गोष्ट सांगायचे, की व्याह्याला मीच वाचवला, पण म्हातारा वाटभर असा काही बोंबलत होता! मी आत भाकरी थापत ते ऐकायचे. भाकरी फाटायची. त्या दिवसापासून मला एकच हवं होतं. त्या रस्त्यावरचा एकूण एक खड्डा या माणसाच्या अंगाला कळायला हवा होता.

माझ्या हातात काय होतं म्हणा. मोठ्या दिरांशी समोरासमोर बोलायची आमच्यात पद्धतच नव्हती. ते ओटीवर असले की मी मागच्या दाराने जायची. काही सांगायचं झालंच तर जाऊबाईंना सांगायचं, जाऊबाई त्यांना सांगणार. दीड वर्षात एक शब्द मी त्यांच्याशी थेट बोलले नव्हते.

पण देव डोळे मिटून बसलेला नसतो. पुढच्या पावसाळ्याअखेर दिरांना मूळव्याध झाली. घरात तो शब्द उच्चारायची बंदी होती. ‘यांची बसायची जागा’ असं जाऊबाई कुजबुजायच्या आणि मी पदर तोंडाला लावायची. त्यांना वाटायचं, मला लाज वाटते. दीर ओटीवर उभ्याने चहा पिऊ लागले. मोटारीत मात्र बसायचंच होतं, कारण गाव बघत होतं. मग पुरुषाची कडक गाडी मऊ करायचा कारखानाच सुरू झाला.

आधी चाकांतली हवा कमी केली. मग कमानींच्या पाट्यांत एरंडेल सोडलं. मग गादीची पाळी आली, आणि घरात शिवणाचं यंत्र माझं. मी सावरीचा कापूस भरून इतकी छान गादी शिवली की जाऊबाईंनी माझी दृष्ट काढली. मी ती मुद्दाम छान शिवली. मला माझ्यावर कुणाचा संशय नको होता.

तरी आदळे बसतच होते. शेवटी दिरांनी खोपोलीहून लॉऱ्या दुरुस्त करणारा मिस्त्री बोलावला. त्याने मोटार ठोकळ्यांवर चढवली आणि मागच्या दोन्ही कमानींतला एकेक पाटा काढून टाकला. दीर आत पालथे पडले होते, आमचे हे गिरणीत होते, जाऊबाई देवळात. मी मागच्या अंगणात मिस्त्रीला चहा घेऊन गेले. तो हात पुसत म्हणाला, “वयनी, गाडी आता मऊ झाली. पन मागं वझं टाकायचं नाय हां. टाकलं तं कमान मोडंल. तेवढं शेटना सांगा.”

मी मान हलवली. आता सांगा, दिरांशी बोलायची पद्धत नसलेली बाई हे त्यांना सांगणार कशी? जाऊबाईंना सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दीर चक्कर मारून आले ते चिडूनच. आदळे कमी झाले होते, पण आता मागची बाजू टुणटुण उडत होती. मी भाजी निवडता निवडता जाऊबाईंना म्हटलं, “आमच्याकडे बाई, रिकामी बैलगाडी अशीच उडते. भरली की कशी बसते! आबा तर रिकामं जायचं असलं तरी दोन पोती टाकतात मागे.”

एवढंच म्हटलं. संध्याकाळी जाऊबाई कौतुकाने सांगत आल्या की धाकटीच्या डोक्यातून निघालेली युक्ती ह्यांना पटली. पटणारच. माणूस भातातच वाढलेला. वजनाने गाडी बसते हे त्याला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं. गिरणीतली दोन पोती भात आसनामागच्या जागेत दोरीने आवळली आणि मोटार खरंच लोण्यासारखी चालली. कर्जतच्या बाजारातून दीर बसून, हसत, हात दाखवत हिंडून आले. मला वाटलं, झालं, फसलं आपलं. त्या रात्री मी जेवले नाही.

भाऊबीजेला मी माहेरी गेले. दीर त्यानंतर डॉक्टरकडे कापून घ्यायला खोपोलीला जाणार होते. आगगाडीने गेले असते तर ओळखीच्यांनी बसा बसा म्हटलं असतं, म्हणून मोटारच. कोणत्या दिवशी ते मला ठाऊक होतं. सकाळपासून मी रस्त्याकडे तोंड करून तांदूळ निवडत बसले. आई म्हणाली, “केवडं निवडशील गं? खडा तरी हाय का त्यात?”

उन्हं चढल्यावर मोटारीचा आवाज आला. गावाच्या अलीकडे, कर्जतच्या बाजूला, ओढा ओलांडायला दगडी फरशी होती, तिच्या दोन्ही अंगांना खोल खळगे. आवाज तिथवर आला, मग धाडकन काहीतरी मोडल्याचं ऐकू आलं आणि पाठोपाठ माणसाची किंकाळी. माझ्या हातातलं सूप मी अगदी सावकाश खाली ठेवलं.

आम्ही पोहोचलो तेव्हा मोटारीचं मागचं अंग जमिनीला टेकलं होतं. पोती फुटून भात फरशीवर सांडला होता. दीर मोटारीला कोपरं टेकून ओणवे उभे होते. धोतराला मागून रक्त लागलेलं दिसत होतं. बसता येईना, चालता येईना. गाव पुन्हा जमलं होतं. या खेपेला कुणी हसलं नाही, याचं मला वाईट वाटलं.

“गाडी जुंपा,” आबा काठी टेकत येऊन म्हणाले. “आन पेंढा आना गं.”

आईने पेंढा आणला. तिने पुन्हा गुडघाभर अंथरला. मी तिच्याकडे नुसती बघत राहिले. चौघांनी दिरांना उचलून गाडीत पालथं घातलं. गिरणीचे मालक, तोंड पेंढ्यात, पाय मागे लोंबकळणारे. आबा गाडी हाकायला धुरेवर बसले. मी डोक्यावरून पदर घेऊन गाडीच्या मागे चालू लागले. मला घरी जा असं कुणी म्हटलं नाही.

फरशीवरून उतरताना चाक खळग्यात उतरलं. दिरांनी पेंढा मुठीत आवळला.

“मामा,” ते म्हणाले. म्हातारबा नाही, मामा. “मामा, जरा हळू घ्या हो.”

मी पदर मागे सारला. गाडीच्या फळीला हात लावून, त्यांचं तोंड जिथे होतं तिथे पुढे जाऊन उभी राहिले. लग्न झाल्यापासून त्या माणसाशी थेट बोललेलं माझं पहिलं वाक्य ते.

“हळू जायचं म्हणूनच बैल घेतलेत, भावोजी.”

त्यांनी वर बघितलं. आठवलं त्यांना. डोळ्यांत दिसलं मला. त्यांनी तोंड पुन्हा पेंढ्यात खुपसलं.

“गप गं,” आबा माझ्यावर ओरडले. मग ते धुरेवरून खाली उतरले. तो आखूड पाय ओढत बैलांच्या पुढे गेले, वेसणीला धरून त्यांना एकेक पाऊल चालवू लागले आणि खड्डा आला की थांबायचे, चाक हळूच उतरवायचे. असे ते खोपोलीपर्यंत चालत गेले. परत आलो तेव्हा त्यांचा पाय मांडीपर्यंत सुजला होता. मी रात्री तेल लावायला बसले तर त्यांनी मला पायाला हात लावू दिला नाही.

आबा देवमाणूस होते असं लोक म्हणतात. असतील. पण तो रस्ता आठवला की मला आजही वाटतं, निदान एका खड्ड्यात तरी त्यांनी बैल पळवायला हवे होते.