शेपटीला जागा

मामा कुणाच्याही खोलीत कुत्र्याचं बघायला आले की बसत नसत, थेट आडवे होत. टोपी खुंटीला अडकवायची, धोतर सावरायचं, जमिनीवर कुशीवर पडून गुडघे पोटाशी घ्यायचे आणि डोळे मिटून विचारायचं, "आता मी कुत्रो. सांगा बघू, माझी शेपटी कोणाच्या पायाखाली येता?"

हसू नका. आम्हीही पहिल्यांदा हसलो होतो आणि बोलणी खाल्ली होती.

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत हे मामा सगळ्यांचेच मामा. त्यांचं खरं नाव मला आजतागायत माहीत नाही. मूळचे मालवणकडचे, गिरणीत साचे खात्यात, म्हणजे मागांवर. साच्यांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे त्यांचं कुजबुजणं दोन मजले खाली ऐकू जायचं. कुणाला कुत्रा पाळायची हुक्की आली की आधी मामांना बोलावणं जाई. आता मामांना कुत्र्यांच्या जाती कळत होत्या असं समजू नका. छे हो! अल्सेशियन म्हणा नाहीतर पॉमेरेनियन, त्यांच्या लेखी जाती तीनच. जिन्यातलो, गॅलरीतलो आणि खाटेखालचो. "खोली बघून कुत्रो घेवचो," ते म्हणायचे, "कुत्रो बघून खोली गावणा नाय!"

चाळीतल्या कुत्र्याच्या त्यांच्या परीक्षाही ठरलेल्या. शेजारी बांगडा तळायला टाकला की जो आपल्या जागी गप्प राहील तो पास. रात्रपाळीहून आलेला माणूस अंगावरून ओलांडून गेला तरी जो गुरगुरणार नाही तो पास. आणि शेवटची परीक्षा घोषणेची. ती द्वैभाषिक मुंबई राज्याची वर्षं होती. आज सभा, उद्या प्रभातफेरी, परवा मोर्चा. रडायचे दिवसही आमच्या रस्त्याने पाहिले, ते मी विसरलेले नाही. पण एरवी चाळ नुसती उसळलेली असायची. दुधाचं पातेलं उतू गेलं तरी पोरं 'झालाच पाहिजे' म्हणत. अशा ठिकाणी घोषणेला घाबरणारा कुत्रा काय कामाचा? म्हणून मामा कुत्र्याच्या कानाशी जाऊन ओरडायचे, "संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!" कुत्रा पळाला तर नापास, चावला तर नापास. चावले बरेच.

आमच्याकडे मामांना बोलावलं ते मीच. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, गिरणीतून निवृत्त झालेले. एकेकाळी मोर्चात झेंडा अप्पांच्याच हातात असायचा. आई गेली तशी ते जिना उतरेनासे झाले. खुर्चीत बसायचे, समोरच्या भिंतीकडे बघायचे. मी शाळेत शिकवायला जाताना जसे बसलेले, तसेच परतताना. चहा निवून त्यावर साय धरलेली. आणि इकडे माझं लग्न ठरू घातलेलं. मुलगा गिरगावातला, मला पसंत. अगदी पसंत, आता या वयात लाजायचं काय! पण मी गेल्यावर अप्पांचं कोण? गिरगावची मंडळी दुसऱ्यांदा विचारून गेली, तिसऱ्यांदा येतील अशी लक्षणं दिसेनात. मी मामांच्या पुढ्यात भडाभडा रडले. म्हटलं, "मामा, अप्पांना सोबत मिळाली नाही तर मी काही लग्न करत नाही."

मामांनी टोपी काढली आणि आमच्या खोलीत आडवे झाले.

बराच वेळ पडून राहिले. मग खाटेच्या बाजूने पडून पाहिलं, मोरीच्या बाजूने पडून पाहिलं. शेवटी अप्पांच्या खुर्चीच्या उजव्या अंगाला पडले आणि म्हणाले, "हय. हय शेपटी मावता." अप्पा वरून बघत होते. त्यांनी पाय थोडे आत घेतले. मामांनी मला डोळा मारला.

मग सुरू झाली वधूपरीक्षा. माझी नव्हे, कुत्र्यांची.

पहिला आला दादरच्या एका पारशीणबाईंचा अल्सेशियन. बाई परदेशी निघाल्या होत्या. हे धूड दारातून आत आलं आणि आम्ही सगळे खाटेवर चढलो, कारण जमीन शिल्लकच राहिली नाही. आनंदाने शेपूट हलवली ती पाण्याचा तांब्या, पोळपाट आणि देव्हाऱ्यातली समई एका फटक्यात आडवी. मामा दारातूनच म्हणाले, "हो बंगल्यातलो. हेका परत न्या."

दुसरा पांढराशुभ्र, केसाळ, बाहुलीएवढा. मला भारी आवडला. पण तुम्ही चाळीत राहिला असाल तर जाणता, आमची गॅलरी म्हणजे हमरस्ता, आणि संडास तिच्या टोकाला. हा पठ्ठ्या जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकायचा आणि येणाऱ्यावरही भुंकायचा. सकाळी टमरेल घेऊन निघालेला माणूस कुणाचं ऐकून घ्यायच्या मनःस्थितीत नसतो. दुसऱ्याच दिवशी चाळीतले बाप्ये एकत्र येऊन आमच्या दारात उभे राहिले. त्यातले दोघे तर टमरेलासकट!

तिसरा लांबलचक, पाय बोटभर. शांत होता बिचारा. पण आमचा जिना उभा, लाकडी. त्याचं पुढचं टोक पायरी उतरलं तरी मागचं टोक वरच्या पायरीवर विचार करत बसे. मामा त्याला कडेवर घेऊन चढ-उतार करायचे, आणि खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायच्या, "काय हो मामा, बारसं कधी?" तोही गेला.

तिन्ही वेळा अप्पांनी एकच वाक्य उच्चारलं. "तुम्हाला हवं ते करा." रागावले असते तरी चाललं असतं हो! मी गिरगावला नकार कळवायचं मनाशी ठरवूनही टाकलं.

एकदा सहजच मी मामांना विचारलं, "मामा, एवढी हौस आहे, तर तुम्ही का नाही पाळत?" मामा गावच्या मंडळींबरोबर एका गाळ्यात राहायचे. पाळ्या लावून झोपायचे सगळे. ते मोठ्यांदा हसले. "आमच्या गाळ्यात एक कुशीवर वळलो की सगळ्यांनी वळूक होया! मी तेका कितींदा सांगू, वळ म्हणून?" मग टोपी उगाचच झटकली आणि पुन्हा डोक्यावर ठेवली. कशाला विचारलं असं मला झालं.

आणि मग तो रविवार आला. मामांनी कॉटन ग्रीनच्या गोदामातून एक तांबूस कुत्रा आणला. एक कान उभा, एक पडलेला. "बापूस विलायती, आवस लालबागची," मामांनी कुळी सांगितली. आमच्याकडे आणण्याआधी त्याची घोषणेची परीक्षा घ्यायची म्हणून ते त्याला घेऊन खाली चौकात बसले. संध्याकाळची वेळ, चाळ भरलेली. मामांनी छाती भरून श्वास घेतला आणि त्याच्या कानाशी गर्जना केली.

कुत्र्याने जांभई दिली.

मामांना वाटलं, बहिरा की काय? म्हणून पुन्हा ओरडले. आणि मग आणखी मोठ्याने, उभे राहून, हात वर करून!

बस्स. वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "मोर्चा! मोर्चा निघाला!" जिने धडधडायला लागले. कुणी झेंडा घेऊन आलं, कुणी कणकेच्या हातांनी आलं, एकजण अर्धी दाढी केलेला. समोरच्या चाळीने हे पाहिलं आणि आपण मागे राहू की काय म्हणून तीही उतरली. मामा सांगताहेत, "अरे, मी कुत्र्याची परीक्षा घेतंय!" पण गर्दीने त्यांना उचलून पुढे घातलं. मोर्चा चिंचपोकळीच्या दिशेने चालू लागला. सर्वांत पुढे मामा आणि कुत्रा.

मी गॅलरीत हसून हसून वाकले होते. एवढ्यात मागे खुर्ची करकरली.

अप्पा उभे राहिले होते. कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेला झेंडा त्यांनी काढला, फडक्याने काठी पुसली आणि मला म्हणाले, "काय गं, मला हाक मारायची रीत नाही?" आणि उतरले की हो जिना! वर्षभराने! मी चपला न घालताच मागे धावले.

अप्पा पुढे पोहोचले, तसा तो कुत्रा मामांना सोडून अप्पांच्या उजव्या अंगाला आला आणि तिथेच चालू लागला. घोषणा चालल्या होत्या, कान किटत होते, हा आपला शांत. वाटेत खानावळीत बांगडे तळणं चाललेलं, त्याने मानसुद्धा वळवली नाही. मामा गर्दीतून मला ओरडून सांगत होते, "चेडवा, पास! बांगड्यातय पास!"

पुलाजवळ हवालदाराने अडवलं. "मोर्चा कुणी काढला?" सगळे एकमेकांकडे बघू लागले. कुणालाच ठाऊक नव्हतं. शेवटी सगळ्यांच्या नजरा कुत्र्यावर गेल्या. हवालदार तोंड फिरवून हसला आणि म्हणाला, "चला, घरी चला आता. त्यालाही न्या."

परतताना अप्पांनी विचारलं, "कुणाचा रे हा?"

"संयुक्त महाराष्ट्राचो," मामा म्हणाले.

"मग आपल्याकडे राहील," अप्पा म्हणाले. त्याचं नाव 'झालाच' पडलं. दुसऱ्या दिवसापासून अप्पा त्याला घेऊन दिवसातून तीनदा जिना उतरू लागले. चहा गरम असताना प्यायला लागले. मी गिरगावला होकार पाठवला. पाठवणीच्या वेळी चाळ रडली, मी रडले, आणि अप्पा म्हणाले, "लवकर आटपा, ह्याची फिरायची वेळ झाली." इतका आनंद मला आयुष्यात फारच थोड्या वाक्यांनी दिला आहे.

महाराष्ट्र झाला आणि पुढे मामा निवृत्त होऊन गावी निघाले. बोटीच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला आले. मीही माहेरी आले होते. नेहमीच्या सवयीने टोपी खुंटीला लावून आडवे झाले. झालाच उठला आणि त्यांच्या पाठीला पाठ लावून झोपला. अप्पा म्हणाले, "मामा, घेऊन जा त्याला. आता तुला अंगण आहे, पडवी आहे. मी राहीन."

मामांनी डोळे न उघडताच हात मागे नेऊन त्याची पाठ थोपटली. मग म्हणाले, "नको. हो चाळीतलो. अंगणात हेका झोप येवची नाय." उठले, धोतर झटकलं आणि गेले. जिन्यात त्यांनी नाक शिंकरलं ते मात्र तिन्ही मजल्यांना ऐकू आलं. त्यानंतर ते मुंबईला आले नाहीत. अप्पा आणि झालाच असेपर्यंत खुर्चीच्या उजव्या अंगाची ती जागा कुणी अडवली नाही.

आता मी नातीकडे राहते. चौदाव्या मजल्यावर, लिफ्ट, गुळगुळीत लादी. परवा नात आणि तिचा नवरा मोबाईलवर कुत्रे बघत होते. फ्लॅटला कुठला बरा, हा की तो, केस गळतात का, भुंकतो का. तासभर ऐकलं. मग मला राहवेना. मामा, तुमची फार आठवण आली हो. मी चष्मा काढून ठेवला, सोफ्याचा हात धरत धरत खाली बसले आणि कुशीवर आडवी झाले. गुडघे कुरकुरले, पण घेतले पोटाशी.

"आजी!" नात किंचाळली. "पडलीस का? कुठे लागलं?"

"गप्प बैस," मी डोळे मिटून म्हटलं. "आता मी कुत्रो. तो टीपॉय सरकव आधी, माझी शेपटी अडकतेय."