उभ्या गाडीचे सोमवार

कशेळ्याहून आंबिवलीकडं जाणारा रस्ता थोडा वेळ ओढ्याच्या संगतीनं चालतो. मग त्याला काय वाटतं कोण जाणे, ओढा सोडून तो माळावर चढतो. त्या चढावर योगेंद्र साहेबांचं फार्महाऊस आहे. साहेब ठाण्याला राहतात, शनिवारी येतात, रविवारी जातात. बाकीचे दिवस ते घर, ती आंब्याची कलमं, ते फाटक आणि फाटकावरची बोगनवेल, सगळं धाऊचं. कागदावर नाही, पण झाडांना कागद कुठं वाचता येतो? पाणी घालतो त्यालाच ती ओळखतात.

धाऊ ठाकर समाजाचा, वाडी मागच्याच टेकाडावर. अंगानं काटक, बोलायला सावकाश. त्याची बायको ठकी बोलायला आणि चालायला, दोन्हीला झपाट्याची. पायवाटेनं जाताना ती पुढं नि तो मागं. कशेळ्याच्या जीपमध्ये बसायचं तर ती आत बायकांत नि तो मागं दाराला लटकलेला. लावणीच्या वेळी ती बांधाच्या या टोकाला, तो त्या टोकाला. मुलगी नांदायला गेली, मुलगा भिवंडीला कामाला लागला, अर्धंअधिक आयुष्य सरलं. पण नवराबायको एकाच दिशेला तोंड करून, खांद्याला खांदा लावून निवांत बसलीत, असं कधी घडलं नव्हतं. आमच्या भागात कुणाचंच घडत नाही, म्हणून त्याची कुणाला उणीवही वाटत नाही.

मग ती लाल गाडी आली.

गाडी लहानशी, बुटकी, मागून कापल्यासारखी. चाकं मात्र अंगाच्या मानानं रुंद, मागं दोन जाड नळकांडी, आणि पुढच्या खुर्च्या अशा खोलगट की बसणाऱ्याच्या बरगड्या दोन्ही अंगांनी धरून ठेवतात. साहेबांनी ती मोठ्या हौसेनं घेतली होती. वेगाची गाडी, घाटातली राणी, असं ते सांगत. पण साहेबांची कंबर नाजूक. दुसऱ्या वर्षी त्यांनी उंच, मऊ गाडी घेतली आणि ही लाल गाडी इथं पोर्चमध्ये आणून ठेवली. धाऊच्या हातात चावी देऊन म्हणाले, "दर सोमवारी चालू करायची. थोडा वेळ तशीच चालू ठेवायची, नाहीतर बॅटरी बसते, उंदीर वायरी खातात. पण जागची हलवायची नाही."

"नाय हलवनार," धाऊ म्हणाला, आणि त्यानं ती कधी हलवली नाही. वाडीतली पोरं हसली. असली पळणारी गाडी हाताशी असून हा नुसता बसतो! धाऊनं मनावर घेतलं नाही. शब्द दिला म्हणजे दिला.

अशाच एका सोमवारी ठकी भाकरी घेऊन आली, तर हा गाडीत.

"भाईर का उभी? बस की आत," धाऊ म्हणाला.

ठकी वाकली, आणखी वाकली आणि धपकन खाली बसली. खुर्चीनं दोन्ही बाजूंनी धरलं तशी दचकली. "अगं बाय! ही तर मिठी मारते."

"भाकर नको खाऊ हितं. सायबाची गाडी हाय."

"मंग काय करायचं?"

"बसायचं."

दोघं बसली. पोर्चला भिंती नव्हत्या, वारा मोकळा होता. समोर काच, काचेत पेठच्या किल्ल्याचं उभं शिंग आणि त्याच्या मागं सह्याद्रीचा निळा कडा. इंजिन पोटातल्या पोटात घुमत होतं, मांजर चुलीजवळ घुमतं तसं. दिवस भादव्याचे. ढग पाठीमागून यायचे, डोक्यावरून कड्याकडं जायचे. बघता बघता ठकीला वाटलं, ढग उभे आहेत आणि गाडीच मागं मागं चाललीय.

"रिवर्स टाकलास काय रं?" ती म्हणाली.

धाऊ हसला. त्यालाही तेच वाटत होतं.

तेव्हापासून सोमवार ठरून गेला. आश्विनात वारा फिरला की ढग कड्यावरून इकडं उतरत. तेव्हा गाडी पुढं चाले, उंच उंच, भीमाशंकराच्या रानावरून पलीकडं. ठकी विचारी, "कुठवर आलो?" धाऊ सांगे, "आलं आता तुजं म्हायेर." मग ठकी माहेरच्या गोष्टी सांगे. लहानपणी बुडालेल्या बहिणीचं नाव तिनं त्या गाडीत पहिल्यांदा घेतलं. धाऊनंही तिला सांगितलं की माथेरानला हॉटेलात कामाला होता तेव्हा त्याला रोज रात्री घरची आठवण येऊन रडू येई. घरात या गोष्टी कधी निघाल्या नव्हत्या. घरात चूल असते, कोंबड्या असतात, शेजार असतो. गाडीत फक्त समोरचा कडा. एकमेकांकडं बघावं लागत नाही, म्हणून बोलता येतं.

गाडी बंद केली की दोघं उतरत, धाऊ बागेकडं, ठकी वाडीकडं. त्याबद्दल मग आठवडाभर एक अक्षर नाही.

भाताची कापणी संपता संपता साहेबांचा फोन आला. "धाऊ, रविवारी खोपोलीहून एक मुलगी येईल गाडी बघायला. मला यायला जमणार नाही. तू दाखव. चालवून बघेल, तेव्हा बरोबर बस. आणि चांगलं तेवढं सांग रे. खाली घासते बिसते, ते सांगत बसू नको."

धाऊनं फोन खिशात टाकला आणि पाण्याची नळी हातात धरून एका कलमाला एवढं पाणी घातलं की आळं फुटलं.

"गाडी चाल्ली," संध्याकाळी तो ठकीला म्हणाला.

ठकी लाकडं मोडत राहिली.

"पन नाय जायाची. मी तिच्या खोडी सांगनार. सगळ्या."

"लबाडी करशील? ह्या वयात?"

"लबाडी कशाला? खऱ्याच खोडी काय कमी हायेत व्हय?"

त्या रात्री त्यानं मनाशी हिशेब मांडला. गाडी बुटकी, पोटाला दगड लागतो. मागच्या बाकावर मोठं माणूस मावत नाही. डिकीत तांदळाचं एक पोतं गेलं तर नशीब. पेट्रोल तर साहेबच म्हणायचे, हत्ती पाळल्यासारखं. टणक इतकी की खड्ड्यातून गेली की दात वाजतात. आणि एवढ्यानं भागलं नाही तर हुकमी गोष्ट होतीच: साहेबांची कंबर. पोरीबरोबर कुणी मोठं असेल तर त्याच्या कानात नुसतं म्हणायचं, 'हिनं आमच्या सायबाची कंबर धरली.' संपलं. कोण घेईल?

रविवारी सकाळी स्कूटरवरून दोघी आल्या. मुलगी मेघा, खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला. मागं बसलेली तिची आई, उज्वलाताई. उतरताच आईनं गाडीभोवती एक फेरी मारली.

"हे काय गं? ही गाडी आहे की लाल बेडूक? आपल्या खोपोलीच्या शिळफाट्याला सगळ्यांच्या दारात उंच गाड्या, आणि तू ही आणणार?"

"आई, अजून बघितली पण नाहीस."

"बघायला खाली बसावं लागतंय, म्हणून नाही बघितली."

धाऊला धीर आला. त्यानं सुरुवात केली. "ताई, मी खरं सांगतो. ही बुटकी हाय. पोटाला घासते."

"ऐक! घरचा माणूस सांगतोय," उज्वलाताई म्हणाल्या.

मेघा गाडीच्या टपावरून हात फिरवत होती. "बुटकी आहे म्हणूनच वळणावर चिकटून जाते, मामा. उंच गाडी डुलते."

"टनक हाय. दात वाजतात."

"वाजू देत. रस्ता कसा आहे ते हातापायाला कळतं. मऊ गाडीत झोप येते."

"डिकी येवडीशी."

"मला एक डबा न्यायचा असतो."

"पेट्रोल लई पिते, ताई."

इथं मेघा थांबली. "हां. ते खरं." मग तिनं मान वर करून विचारलं, "खोडीच सांगता मामा. एखादा गुण सांगा की. पळते कशी?"

धाऊ गोंधळला. सगळं पाठ केलं होतं, हा प्रश्न नव्हता केला. "ठाऊक नाय," तो म्हणाला. "मी हिला उभीच वळखतो."

"मग उभी कशी आहे?"

त्याला खूप काही म्हणता आलं असतं. तो म्हणाला, "शांत हाय."

मेघा खळखळून हसली. ही गाडी आवाजासाठी नावाजलेली होती.

चालवून बघायची वेळ आली तेव्हा उज्वलाताईंनी ओसरीवरचा झोपाळा धरला. "मी मागच्या खबदाडात नाही बसणार. या मावशींना ने." ठकी फाटकाशी उभी होती, मुद्दाम आल्यासारखी नाही, पण लुगडं धुतलेलं, डोक्यात अबोली. मेघानं पुढचं दार उघडलं. ठकी आता सरावानं वाकली आणि बसली. धाऊ मागं शिरला. गुडघे हनुवटीला टेकले.

फाटकाबाहेरच्या कच्च्या वाटेवर गाडीचं पोट दगडावर खर्रकन घासलं.

"ही घ्या खोड," धाऊ मागून म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

मग डांबरी लागली. मेघानं हात खाली नेला, काहीतरी बदललं, आणि इतके दिवस जे पोटातल्या पोटात घुमत होतं ते तोंड उघडून गायला लागलं. भाताच्या उडव्या एकामागून एक मागं गेल्या. सागाची झाडं आली न आली तोच गेली. वळण आलं, धाऊनं डोळे मिटले, उघडले, वळण मागं राहिलं होतं आणि गाडी पाण्यातल्या माशासारखी नुसती अंग मुरडून पुढं निघून गेली होती. पेठचा किल्ला, जो एवढे सोमवार काचेत एका जागी उभा होता, तो आता हलत होता, उजवीकडं जात होता, मोठा होत होता, खरोखरीच जवळ येत होता.

धाऊला रस्ता अर्धाच दिसत होता. त्याच्या समोर ठकीचा अंबाडा होता. पण उन्हासाठी मेघानं ठकीच्या डोळ्यांसमोर काचेवरची झडप खाली ओढली होती आणि झडपेला आतून लहानसा आरसा होता. त्या आरशात ठकीचे डोळे दिसत होते.

आधी ते घाबरलेले होते. मग मोठे झाले. मग त्यांत असं काही आलं, जे धाऊनं लग्नात पाहिलं नव्हतं, मुलगा झाला तेव्हा पाहिलं नव्हतं, आणि सोमवारी तर त्यानं तिच्याकडं पाहिलंच नव्हतं. ठकीनं दाराची मूठ सोडली. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले, पाऊस झेलावा तसे.

"आजून पळते?" तिनं विचारलं.

"पळते की, मावशी."

"मंग पळव."

आणि ती हसली. मोठ्यानं, तोंडावर पदर न घेता. धाऊ मागं गुडघ्यांत मान घालून ते हसणं ऐकत राहिला. त्याला कळलं, की बसून राहणं त्याचं होतं. 'कुठवर आलो' असं ती विचारायची, ते तिला खरंच कुठंतरी जायचं असायचं म्हणून. हे काही त्यानं शब्दांत सांगितलं नाही स्वतःला. रात्रीतून कणगीत भात कमी झालेलं जसं हाताला कळतं, तसं त्याला कळलं.

परत आले तेव्हा उज्वलाताई झोपाळ्यावरून उठल्या. मेघा गाडीजवळच रेंगाळली. तिच्या चेहऱ्यावरूनच आईला काय ते समजलं. उज्वलाताई धाऊला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाल्या, "दादा, एक विचारते. पोरीनं कॉलेजपासून ह्या गाडीचं वेड घेतलंय, ती माझं ऐकायची नाही. पण इतकी चांगली आहे, तर तुमचा साहेब ती विकतो कशाला? काहीतरी असणार. तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी तिला इथूनच ओढून नेईन."

हुकमी पान हातातच होतं. नुसतं टाकायचं होतं.

धाऊनं पोर्चकडं पाहिलं. ठकी अजून गाडीतून उतरली नव्हती.

"सायबाची कंबर नाजूक," तो म्हणाला. "पन ती आधीपासूनच. खुर्चीवर बसून बसून. हिला चालवायला धडधाकट मानूस पायजे, तेवडंच. पोटाला घासते, पेट्रोल पिते, ते मी सांगितलं, ते खरं हाय. बाकी..." तो थांबला. त्याला शब्द सापडायला नेहमीच वेळ लागे. "बाकी, ताई, हिला उभी नका ठिवू."

साहेबांनी पुढच्या रविवारी येऊन कागद केले. मेघा गाडी न्यायला आली, बरोबर आई. निघताना मेघानं काच खाली केली. "मावशी, येता का शिळफाट्यापर्यंत? चहा घेऊ घरी. येताना जीप आहेच."

ठकीनं धाऊकडं पाहिलंसुद्धा नाही. "येते," म्हणाली आणि बसली.

फार्महाऊस सोडून धाऊला जाता येत नव्हतं. तो फाटकात उभा राहिला. लाल गाडी दगडावर एकदा घासली, डांबरीला लागली आणि चढ उतरून गेली. दिसेनाशी झाल्यावर आवाज राहिला. आता ओढ्याजवळ. आता पूल. आता कशेळ्याचा नाका, तिथं हळू. मग एक बारीक धागा ओढल्यासारखा आवाज कर्जतच्या दिशेनं लांबत गेला, आणि तुटला कधी ते त्याला सांगता आलं नाही.

दिवेलागणीला ठकी जीपमधून उतरली ती बोलतच उतरली. पळसदरीचं वळण, तिथला चढ, खोपोलीतली गर्दी, मेघाच्या घरचा चहा, तिनं पुन्हा ये म्हणून दोनदा सांगितलेलं. धाऊ फाटकाची कडी लावून तिच्याबरोबर वाडीकडं निघाला.

"आनि मागं कोन बसलं व्हतं?" त्यानं विचारलं.

"तिची आई."

"मग?"

"मग काय! कर्जतपोतर बोंबलत व्हती. नंतर म्हनाली, पोरी, जरा पळव की."