पट्टीकाकांची वाकडी लाइन

आमच्या सर्वेच्या बोटीचं सुकाणू ज्यांच्या हाती असायचं, त्यांना सगळे पट्टीकाका म्हणत. पट्टी ठेवून रेघ ओढावी इतकी सरळ बोट चालवत म्हणून. खाडीच्या तळाचा नकाशा करायचा तर बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ न्यायची, वळवायची, थोडं अंतर सोडून शेजारून परत आणायची. शेत नांगरल्यासारखंच काम. बोटीच्या मागे केबलला बांधलेली दोन यंत्रं पाण्यातून ओढत न्यायची. एक आवाज सोडून तळाचं चित्र काढतं, दुसरं गाळात पुरलेलं लोखंडसुद्धा ओळखतं. बोट जरा ढळली की नकाशात भोक पडतं आणि ती अख्खी लाइन पुन्हा मारावी लागते. काकांची लाइन पुन्हा मारायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती.

मी केबिनमध्ये पडद्यासमोर बसायचे. आमचं जमायचं, कारण मी सतत बोलायचे आणि ते बोलायचेच नाहीत. सर्वेची बाई असून मला बोट लागते, हेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही. माझा चेहरा उतरला की मुकाट्याने खिडकी उघडून द्यायचे.

काम संपत आलं होतं. खाडीच्या तोंडाशी, नकाशाच्या हद्दीवरची शेवटची लाइन चालू होती. मी पडद्याकडे बघते तर बोट हद्दीबाहेर, वाळूच्या उथळ पट्ट्याच्या दिशेने चाललेली. माझं डोकंच फिरलं.

"काका, डोळा लागला की काय? तिकडे काय ठेवलंय तुमचं?"

"माझी होडी आहे, ताई," ते म्हणाले. "मुद्दाम नेतोय."

त्यांचा मुलगा काही वर्षांपूर्वी खाडीच्या तोंडाशी होडीसकट नाहीसा झाला, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी गळ टाकून, दोर ओढून तळ चाळला होता. पण तिथला गाळ काय गिळेल त्याचा नेम नाही. ना होडी मिळाली, ना मुलगा. त्याला कुठल्या तरी जहाजाने उचललंय, तो दूरच्या बंदरात आहे आणि येणार, असं काकू धरून बसल्या होत्या. सून त्यांच्याच घरी राहून शिवणकाम करत होती. नवीन गोष्ट काकांनी मला त्या दिवशी सांगितली. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने सुनेला मागणी घातली होती.

"माणूस चांगला आहे. तिलाही तो आवडतो, मला दिसतं ना," काका म्हणाले. "पण ही म्हणते, नवरा असताना कुणी दुसरं लग्न करतं का? आणि पोरगी तिचा शब्द मोडत नाही. झुरत चाललीय नुसती."

"होडी सापडली तर सून सुटेल. आणि काकू?"

त्यांचे हात सुकाणूवर घट्ट होते.

मी नियमांवर फार भांडते. माझ्याशिवाय ऑफिसात कुणी ते वाचतही नाही. पण त्या वेळी माझ्या तोंडून एवढंच निघालं, "वेग कमी करू नका. इथे उथळ आहे, यंत्रं तळाला घासतील."

चित्रात काहीच दिसेना. तळ इस्त्री केल्यासारखा सपाट, नुसता गाळ. आणि एकाएकी पडद्यावरची लोखंडाची रेघ ताडकन वर उडाली. खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला, यंत्राने काही पकडलं की होतो तसा. मग समोर काकांची पाठ दिसली आणि माझी मला लाज वाटली.

"लागलं?"

"लोखंड आहे. एखादा नांगर असेल, जुना पाइप असेल."

"आडवी लाइन मारू?"

"मारा."

आडव्या लाइनीतही रेघ तिथेच उडाली. हद्दीबाहेर गेल्याबद्दल साहेबांनी मला फैलावर घेतलं. मीही त्यांना ऐकवलं की जहाजांच्या वाटेजवळ लोखंड पडलंय, आधी ते बघा. शेवटी पाणबुडे उतरले. गाळ उपसल्यावर एक होडी आणि तिचं इंजिन हाताला लागलं. त्याच्या पंख्याचं एक पातं मोडून पुन्हा वेल्डिंग केलेलं होतं. फोटोतला तो जोड काकांनी बघितला आणि मान हलवली. तो त्यांच्या हातचा होता.

"तुम्ही घरी चला, ताई," ते म्हणाले. "मी एकट्याने सांगितलं तर ती म्हणेल, म्हातारा दमला, म्हणून बोलतोय."

दोन खोल्यांचं घर. खिडकीशी सून मशीनवर शाळेचे गणवेश शिवत होती. काकू भांडी पुसून मांडणीवर लावत होत्या. मी जे होतं ते सांगितलं, फोटो दाखवला. मशीन थांबलं. काकूंनी फोटोकडे नीट बघितलंही नाही.

"होडी सापडली. तो सापडला का?"

"नाही."

"मग?" म्हणून त्यांनी पुढचं पातेलं उचललं.

माझं यंत्र लोखंड दाखवतं, माणूस दाखवत नाही.

दाराशी उभे असलेले काका बोलले. "तो होडी सोडून गेला नसेल. काही झालं तरी होडी सोडायची नाही, तिला धरून राहिलं तर माणूस सापडतो, हे मीच शिकवलं त्याला. लहानपणी एकदा घाबरून पाण्यात उडी मारली होती, तेव्हा कानाखाली वाजवली होती मी." ते काकूंकडे वळले. "तो माझं ऐकायचा गं. तुझं नाही ऐकायचा, पण माझं ऐकायचा."

काकू कोरडं झालेलं पातेलं पुसत राहिल्या. मग त्यांनी ते मांडणीवर ठेवलं आणि सुनेकडे वळल्या.

"त्या इलेक्ट्रिशियनला हो म्हणून सांग."

"आई, मी तुम्हाला टाकून कुठे जात नाही."

"जायचं. मी सांगतेय ना." काकूंचा आवाज जराही हलला नाही. "इथे बसून कुणाची वाट बघणार आहेस?"

सुनेने हातातल्या गणवेशात तोंड लपवलं. काका दारातच भिंतीला टेकून खाली बसले आणि रडायला लागले, आवाज करून, लहान मुलासारखे. काकूंनी हातातलं फडकंच त्यांच्यापुढे धरलं आणि त्यांच्याशेजारी जमिनीवर बसल्या.