अडचण नसलेली मुलगी

गौरीच्या नैवेद्याच्या पुरणपोळ्या लाटताना माझी भाची सई मधूनच ओढणीने हनुवटी झाकत होती. तिथे राठ केस आले होते.

"आमच्या सईची ऐन सणात कधी अडचण नसते हो," वहिनी जमलेल्या बायकांना कौतुकाने सांगत होती. सई खाली मान घालून लाटत राहिली.

पाळी आली की आपण बाईला स्वयंपाकघराबाहेर बसवतो. त्यामुळे पाळीच येईनाशी झाली तर घराची सोयच होते, आणि सोयीला आजार म्हणायचं कुणाला सुचत नाही. अंडाशयाचं काम बिघडलेलं असतं आणि आपण पोरीला शाबासकी देत बसतो.

वहिनी हळदीकुंकवाला बाहेर गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून नाही?"

"होळीपासून. आई म्हणाली, गौरी होऊ देत, मग बघू."

"उद्या डॉक्टरकडे जाऊ. तपासण्या करू, लागली तर औषधं घेऊ. यात लपवण्यासारखं काही नाही."

"आणि मग पुढच्या वर्षी नेमकी गौरीतच आली तर? पोळ्या कोण करणार?"

"मी आहे की. माझी तर कायमची गेली."

सई हसली. पोळी तव्यावर टाकत हळूच म्हणाली, "आत्या, उद्या सकाळीच जाऊ या."