माठाखालची बाटली

वल्हांडणाच्या सणाआधी घरात आंबलेले काहीही उरू द्यायचे नाही, हा नियम आम्हा बेने इस्राएली ज्यूंच्या लेकरांना अक्षरओळखीच्या आधी कळतो. पिठाचे डबे रिकामे होतात, फडताळांचे कोपरे पुसले जातात. त्या वर्षी मात्र पनवेलच्या आमच्या स्वयंपाकघरात, माठाच्या घडवंचीखाली ओल्या वाळूत, द्राक्षारसाची बाटली मी आडवी पुरून ठेवली होती आणि ती मी कोणाच्याही स्वाधीन करणार नव्हते.

दारूबंदीचे दिवस होते. सणाच्या रात्री धर्माने सांगितलेले द्राक्षारसाचे चार पेले सारे जण मनुकांच्या पाण्याने भरत. मी शाळेत शिकवीत असे. पण मोठ्या माणसांपुढे क्वचितच तोंड उघडी. असे असूनही चाळिशी उलटल्यावर मी द्राक्षारस करायला घेतला. पुढचा सण आटोपताच धाकटा भाऊ कायमचा इस्राएलला जाणार, हे वर्षभर आधीच ठरले होते. आमच्या मेजावरचा त्याचा शेवटचा पेला मनुकांच्या पाण्याचा असावा, हे मला मान्य नव्हते. कायदा काय म्हणतो, ते मला ठाऊक होते.

करणे जमले, टिकवणे कठीण गेले. पहिली बाटली मी फळीवर उभी ठेवली. बूच सुकून आकसले, हवा शिरली, रस आंबट होऊन शिरका झाला. दुसरी आडवी ठेवली, म्हणजे बूच आतून ओले राहते. माठ झिरपे, वाळू गार राही, आणि उजेड तिथवर पोहोचत नसे.

सणाच्या सकाळी झाडताना आत्याने घडवंची सरकवली आणि वाळूतली बाटली वर काढली.

"हे आंबलेलं नाय तर काय हाय? सणाच्या घरात! वत मोरीत."

भाऊ दारातून हसला. "ताई, फौजदार आला तर माझ्या तिकिटावर तूच बोटीत चढ."

"तू गप रे! मास्तरीणबाई, ऐकतेस ना?"

 मी बाटली तिच्या हातून काढून घेतली.

"आत्या, मनाई धान्याच्या खमिराला आहे, द्राक्षांना नाही. नाहीतर चार पेले कशाचे सांगितले असते?"

"बाईमाणसानं धरम शिकवायचा?"

"हो."

तिने बाबांना हाक मारली. ते बाटलीकडे पाहून पुटपुटले, "संध्याकाळी बघू."

"बघायचं नाही, बाबा. ती मेजावर येणार."

बाटली पुन्हा वाळूत आडवी केली आणि दिवसभर तिच्यासमोर पाट मांडून मी तांदूळ निवडीत बसले.

संध्याकाळी बाबांनीच बूच काढले. रस किंचित तुरट होता, पण शिरका झाला नव्हता. चौथा पेला भावाने बराच वेळ हातात धरून ठेवला. आत्या मनुकांचे पाणी प्यायली. मी तिला आग्रह केला नाही.

पुढच्या सणाला भावाची खुर्ची भिंतीला टेकवलेली होती. वाळूत दोन बाटल्या होत्या. आत्या केरसुणी घेऊन आत आली, तेव्हा मीच आधी म्हणाले, "घडवंचीखालचं राहू दे."